फास ओळखण्याचा वर्ग

एका जंगलात एक महाविद्यालय होतं. हसू नका, मुलांनो, खरंच होतं. मोठ्या उंबराखाली भरायचं. ज्याला जे शिकायचं असेल त्याने यावं, वयाची अट नाही, असं तिथलं धोरण होतं.

प्राचार्य होते धनेश सर. चोच मोठी, आवाज त्याहून मोठा.

पोहण्याच्या विभागात फक्त मासे होते. त्यामुळे निकाल उत्तम लागायचा. उड्यांच्या विभागात फक्त बेडूक. तिथेही निकाल उत्तम.

आणि एका कोपऱ्यात टिटवी मॅडमचा वर्ग होता. त्या फास ओळखायला शिकवायच्या. शिकारी वाटेवर फास कुठे लावतात, तिथलं गवत कसं वाकतं, पाय कुठे ठेवायचा नाही. मॅडम भारी घाबरट. पान पडलं तरी उडायच्या. पण हा विषय शिकवायला धीट माणूस कामाचा नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना चांगलं कळलं होतं.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे तास आहे तोवर नोकरी आहे. अनुदान आलं तर वर्ग चालू, नाही तर बंद.

म्हणून त्या वर्षी स्नेहसंमेलनाला अनुदानमंत्री तरसराव यांना बोलावलं. वाघमहाराजही येणार होते, पण त्यांना झोप लागली. झोपेतसुद्धा महाराज शिक्षणाच्याच बाजूने असतात, असा खुलासा तरसरावांनी केला.

शाल झाली, श्रीफळ झालं. कोकिळेचं स्वागतगीत संपता संपेना. मग धनेश सर वर्षभराची कामगिरी सांगायला उभे राहिले.

"यंदा आमचा एकही मासा बुडाला नाही!"

टाळ्या.

"आणि फासाच्या वर्गातलं एकही जनावर फासात अडकलं नाही!"

पुन्हा टाळ्या. त्या वर्गातल्या सशीणकाकू पुढे आल्या.

"साहेब, माझे मालक फासात गेले. मला या वयात मॅडमनी शिकवलं. आता नातवंडांना घेऊन पाण्यावर जाते नि परत येते. परत येते हो साहेब! वर्ग तेवढा बंद करू नका."

तरसरावांनी डोळे पुसले. मग विचारलं, "कोणीच अडकलं नाही म्हणता?"

"एकही नाही, साहेब!" धनेश सरांची छाती फुगली.

"वा, वा! म्हणजे जंगलात आता फासांचा धोका उरलाच नाही. अभिनंदन! मग अनुदान कशाला? गरज दिसली पाहिजे हो, प्राचार्य. गरज!"

आणि श्रीफळ बगलेत मारून ते निघून गेले.

लगेच बैठक बसली.

"गरज दाखवायची तर कोणीतरी अडकायला हवं," धनेश सर म्हणाले.

सगळे जमिनीकडे बघू लागले. माकड सर कायमस्वरूपी प्राध्यापक होते. ते घसा खाकरून म्हणाले, "आम्हाला जमणार नाही. कायम माणसाला अडकायचं तर आधी रजा मंजूर करून घ्यावी लागते."

मग सगळ्यांनी टिटवी मॅडमकडे बघितलं.

"मी?" मॅडम दोन हात उंच उडाल्या.

"थोडंसंच अडकायचं, मॅडम. संस्थेसाठी. आणि वर्ग तुमचाच आहे ना?"

वर्ग त्यांचाच होता. मॅडम मुकाट्याने निघाल्या. मागोमाग सगळा प्राध्यापकवर्ग.

पाणवठ्याच्या वाटेवर फास होताच. मॅडमनी पाय पुढे केला. मागे घेतला. डोळे मिटून पुन्हा पुढे केला. पुन्हा मागे.

"सर, मला दिसतो हो तो. एकदा दिसला की पाय टाकवत नाही."

"कमाल आहे! एवढं शिकलात आणि साधं अडकता येत नाही?" धनेश सर तरातरा पुढे झाले. "हे बघा, असा पाय उचलायचा, असा टाकायचा..."

खट्!

प्राचार्य उलटे लटकले.

"टिटीव! टिटीव!" मॅडमनी रान डोक्यावर घेतलं. प्राध्यापक पांगले. सशीणकाकू मात्र धावत आल्या आणि दोर कुरतडू लागल्या.

"सर, हलू नका. हललं की आवळतो. मॅडमनी शिकवलंय."

"मी प्राचार्य आहे!"

"असाल हो. हलू नका म्हटलं ना!"

दोर तुटला. सर वाचले, पण पाय कायमचा लंगडा झाला.

दुसऱ्याच दिवशी तरसराव विचारपूस करायला हजर. टिटवी मॅडम आशेने पुढे झाल्या. "साहेब, आता दिसली ना गरज?"

"गरज?" तरसराव गरजले. "फासाचा वर्ग चालवता आणि खुद्द प्राचार्य फासात? मग त्या वर्गाचा उपयोग काय?"

वर्ग त्याच दिवशी बंद झाला.

पण महाराज इतके निष्ठुर नव्हते, मुलांनो. अनुदान मंजूर झालं. जिथे सर अडकले, तिथे दगडी कमान उभी राहिली. वर महाराजांचं नाव, खाली तरसरावांचं, बाजूला छोट्या अक्षरांत सरांच्या पायाचा उल्लेख.

उद्घाटनाला सशीणकाकू नातवंडांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी भीत भीत विचारलं, "साहेब, आता लहानग्यांना फास कोण दाखवणार?"

"बाई, एवढी सुंदर कमान दिली आहे," तरसराव म्हणाले. "मुलांना म्हणावं, मान वर करून चाला."

तात्पर्य: काम चांगलं झालं तर त्याची गरज नव्हती, बिघडलं तर त्याचा उपयोग नव्हता. म्हणून मुलांनो, मोठेपणी काम करू नका, कमान बांधा. कमानीला निकाल कोणी विचारत नाही.