दाजींचा मुरघास

आमच्या शेजारच्या दाजींच्या घरात झाकण नसलेली वस्तू दिसायची नाही. लोणच्याची बरणी सोडा, पाहुण्याने जांभई दिली तरी ते म्हणत, "तोंड मिट रे. भितर वारो शिराक नको."

हे खूळ कणकवलीच्या ब्लॉक ऑफिसच्या साहेबांनी लावलं. पावसाळ्यात वैरण वाळत नाही, तर हिरवा मका कापून खड्ड्यात दाबा, मुरवून उन्हाळ्यासाठी मुरघास करा, पण वारा शिरला की सगळा नासेल, असं आमच्या धामापुरात सांगून साहेब गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. गावाने माना डोलावल्या आणि सगळं विसरून टाकलं. दाजींनी मात्र भरडावर, उताराच्या वरकस जमिनीत, मका पेरला. अर्धा माझ्या भरडावर, मला न विचारता.

कणसं दुधात आली ऐन भादव्यात. वरून धो धो पाऊस, उतारावर घोटाभर चिखल. खड्ड्यावर माडाच्या झापांचं छप्पर घालून दाजी आणि त्यांची बायको सुंदरावहिनी चिरलेला मका पायांनी तुडवत होती. वहिनी जरा टेकल्या की दाजी खेकसत, "तुडव गो, थंय वारो ऱ्हवलो."

"म्हशीक लोणचा, नि माका पेज," वहिनी मला ऐकू जाईल असं म्हणत. "बरो न्याय तुमचो."

दर उन्हाळ्यात वहिनी डोंगरावरून गवताचा भारा डोक्यावर आणत. छातीत कळ येई, तरी आणत. खड्डा लिंपून झाल्यावर दाजी त्यांना म्हणाले, "ह्या वैशाखात तुका डोंगरार जावक लागाचा नाय." त्या तिरसट माणसाच्या तोंडून बायकोसाठी निघालेलं एवढं एकच गोड वाक्य मी ऐकलं.

शिमगा झाला आणि वहिनी गेल्या. त्याच कळेने.

वैशाखात दाजींची म्हैस भुकेने रेकू लागली. खड्डा तसाच. लिंपणाला भेग पडली की दाजी शेणाने बुजवत आणि कोयता घेऊन स्वतः डोंगर चढत. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर भारा, खाली वहिनींच्या लुगड्याची चुंबळ. मला दया यायची आणि संतापही.

एकदा मी वाटेत अडवलंच. "दाजीनू, चारो दारात असताना डोंगरार मराक कित्याक जातात? खड्डो उघडा."

भारा न उतरवता ते म्हणाले, "भितर तिचे पाय उमटलेले आसत. उघडलंय तर वारो शिरतलो."

मग म्हशीपुढे गवत टाकून ते खड्ड्यावर हात फिरवत नवी भेग शोधू लागले.