दारावरचा निळा ठिपका

पेंटर दाराच्या कोपऱ्यात निळ्या खडूने ठिपका द्यायचा. त्याचा अर्थ एकच, या दाराला रंगाचा दुसरा हात लागणार. बापाकडून शिकलेली पद्धत, आजवर कुणी तिला नावं ठेवली नव्हती. पण तापाची साथ आली, तो रंगवत होता त्या इमारतीच्या तळमजल्यावर लसीचं टेबल लागलं, आणि माणसं दारांकडे निरखून बघायला लागली.

पहिला शोध निवृत्त मास्तरांनी लावला. ठिपका त्यांच्या दारावर होता, समोरच्या शिलाईवाल्या बाईंच्या दारावर नव्हता. म्हणजे ठिपक्याच्या घरातली माणसं उचलून नेणार, असं त्यांनी जिन्यात दोघांच्या कानात सांगितलं. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यात गाडी आली, गाडीचा रंगही आला. ताप कुणाला गाठेल हे कुणीच सांगत नव्हतं. ठिपका निदान काहीतरी सांगत होता.

टेबलाशी बसलेली नर्स पेंटरची बायको. सकाळपासून तिच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर टेबल दुसरीकडे हलवायचा हुकूम होता, आणि इथे दोन घरांत माणसं तापाने फणफणत होती.

पेंटर खवळला. मास्तरांनी ठिपका पुसलेला दिसताच त्यांचं दार ठोठावलं.

"मास्तर, हा साधा खडू आहे. दुसरा हात मारायचाय, बस्स."

"असं सांगायला सांगितलंय ना तुम्हाला?" मास्तर हळूच म्हणाले. "त्यात खाली बायकोही तुमचीच. सगळं जुळतंय."

बायकोने त्याला गप्प बसायला सांगितलं. जितकं समजवाल तितकं बिथरतील, म्हणाली.

"खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही," असं म्हणून तो पुन्हा वर गेला. मास्तरांचं बघून लोकांनी पुसलेले ठिपके परत काढले, चांगले बशीएवढे. प्रत्येक मजल्यावर घसा फोडून सांगितलं, की लस फुकट आहे, सगळ्यांना आहे, आणि ठिपक्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

शिलाईवाल्या बाई दाराआडून ऐकत होत्या. माणूस उगाच एवढं ओरडत नाही. संबंध नाही म्हणतोय म्हणजे आहेच. लस थोडी असणार, आधी ठिपकेवाल्यांना देणार, आणि हा आपल्याला गाफील ठेवतोय. त्यांनी कपड्यावर खुणा करायचा खडू घेतला, आपल्या दारावर ठसठशीत ठिपका काढला आणि तडक खाली जाऊन बाही वर केली.

ते बघून ठिपकेवाल्यांना वाटलं, आपला वाटा चालला. घटकाभरात जिना माणसांनी भरला. मास्तर तर भांडायलाच आले, की ठिपका आधी आमच्याकडे होता, हवं तर पेंटरला विचारा. पेंटर शिडीवर चढून ओरडत राहिला, "अहो, ठिपक्याने काही होत नाही!" तो ओरडेल तशी मागून रेटारेटी वाढत होती.

दिवेलागणीला लसीची पेटी रिकामी होत आली. नर्सने उरलेली शेवटची लस सुईत भरली आणि नवऱ्याला खुर्चीवर बसवलं.

"सगळ्यांची संपली, मग माझीच बरी उरली?" त्याने विचारलं.

"दिवसभर शिडीवर कोण होतं? बाही वर करा."

त्याने बाही वर केली, पण नजर टेबलावरच्या बाटलीवर खिळली होती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "हिचं झाकण निळंच का?"