आठवा कप

मुकुंदराव टिळेकरांच्या मुदत ठेवींचं व्याज स्वतः चालत घरी येई, आणि त्याने घरात चहा घेतला तरच ते उत्पन्न धरलं जाई. ठेवी दहा, म्हणून वर्षाकाठी दहा व्याजं. सगळी मध्यमवयीन, इस्त्रीचा शर्ट, बगलेत चामडी पिशवी. चहा झाला की पिशवीतलं पाकीट टेबलावर ठेवायची, नमस्कार करायची आणि निघायची.

मुकुंदरावांनी एकोणपन्नासाव्या वर्षी व्हॉल्व्हच्या कारखान्यातून निवृत्ती घेतली, ती एका अटीवर. आर्थिक वर्षात सात कपांपर्यंत कर नाही. आठवा कप झाला, तर निवृत्ती रद्द आणि येत्या सोमवारपासून कामावर हजर. म्हणून जानेवारीपर्यंत त्यांनी सात जणांना आत घेतलं आणि उरलेल्या तिघांना जिन्यात सतरंजी टाकून दिली. त्यांचा चहा एक एप्रिलला, म्हणजे पुढच्या वर्षात. तोवर सात पाकिटांत भागवायचं. मार्चमध्ये गीझर बिघडला, तेव्हा मुकुंदरावांनी गार पाण्याचे फायदे सांगितले. त्यांच्या पत्नी शैलजाताईंनी गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं. हे पातेलंच मुकुंदरावांना खटकलं.

तसा त्यांना आता दुसरा उद्योगही नव्हता. चहापत्तीच्या डब्यावर त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती. दूध उकळताना ते ओट्याशी उभे राहत आणि रोज कप मोजत. अठ्ठावीस मार्चला सकाळी फिरून आले, तर सिंकमध्ये तीन कप ओले होते. घरात माणसं दोन.

मुकुंदराव तडक जिन्यात गेले आणि तिघांच्याही तोंडाचा वास घेतला. मधल्याला आल्याचा वास येत होता. आत गेला होतात का, असं त्यांनी विचारलं.

"मी व्याज आहे," तो गृहस्थ खाली बघत म्हणाला. "मला जबाब देण्याचा अधिकार नाही."

शैलजाताईंनी सांगितलं की, मधल्याला खोकला झाला होता, म्हणून काढा दिला. मुकुंदरावांना हे खरं वाटायला फार हवं होतं. पण चहापत्ती खुणेच्या बोटभर खाली गेली होती. खूणच तिरकी काढलीय तुम्ही, असं शैलजाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी करखात्याच्या साळुंकेबाई वर्षअखेरच्या तपासणीला रजिस्टर घेऊन आल्या. त्यांनी तिघांची नावं लिहून घेतली, तिन्ही वास घेतले आणि मधल्यापुढे पेन थांबवलं. मुकुंदराव घाईघाईने म्हणाले की काढा होता, आलं, तुळस, मिरी, दुधाचा थेंब नाही.

"काढा उत्पन्नात येत नाही," साळुंकेबाई म्हणाल्या. "पण ज्यांनी केला त्यांचा जबाब लागतो."

मुकुंदरावांनी शैलजाताईंकडे बघितलं. शैलजाताईंनी नॅपकिनला हात पुसले.

"चहा होता," त्या म्हणाल्या. "दूध घालून, दोन चमचे साखर. मीच आत बोलावलं त्यांना."

"नजरचुकीने?"

"नाही. समजून."

साळुंकेबाईंनी ते लिहून घेतलं. मुकुंदरावांनी रजिस्टरात डोकावून बघितलं. त्यांना राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. का, एवढंच त्यांनी विचारलं.

"अहो, अकरा महिन्यांत तुम्ही न मोजलेला एकही कप मी प्यायले नाही," शैलजाताई म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता.

सोमवारी, एकतीस मार्चला, त्यांनी डबा भरून दिला. पोळ्या मऊ होत्या, वर लिंबाचं लोणचंही होतं. मुकुंदरावांनी डबा उघडून बघितला, मग बंद केला. जिन्यातले तिघे वाट द्यायला उठून उभे राहिले.

"सावकाश या," मधला म्हणाला.

ते दोन पायऱ्या उतरले, तेवढ्यात वर ओट्यावर कप मांडल्याचा आवाज आला. सवयीने त्यांनी मोजले. चार. मग कारखान्याची बस चुकू नये म्हणून ते भराभर खाली उतरले.