बापूंची चार नोझलं

आमचे शेजारी बापू सुर्वे वरातीत नवऱ्यामुलाकडे कधी बघत नसत. ते वरातीच्या जीपमागून चालत आणि तिच्या धुराकडे बघत. धूर काळा निघाला की बँड वाजत असतानाच ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन सांगत, "तुझं दोन नंबरचं थुंकतंय रे. उद्या घेऊन ये." एकदा शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मामाला वाटलं, हे आपल्यालाच. त्यानं तोंडातलं पान गिळून टाकलं.

मिरजोळ्याला एका शेडमध्ये बापूंचं वर्कशॉप होतं. डिझेल इंजिनाचे पंप आणि नोझलं दुरुस्त करायची, एवढंच काम. नोझल म्हणजे बोटाएवढी पोलादी वस्तू. ती इंजिनात डिझेल फवारते. बापूंचा सिद्धान्त सोपा होता : नोझलनं शिंकावं, थुंकू नये. शिंकलं तर डिझेलचं धुकं होतं आणि सगळं जळतं. थुंकलं तर थेंब पडतात, धूर होतो, इंजिन मरतं. हा सिद्धान्त ते माणसांनाही लावत. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे तासभर बोलले, तेव्हा मागच्या रांगेतून बापूंचा आवाज आला, "ठिबकतंय."

एवढं असून बापूंना गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला बसले, इंजिन नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले आणि जीप भाताच्या खाचरात घातली. गाडी चालवायच्या त्या शालनकाकू, त्यांच्या बायको. काकूंचं माहेर हर्णेचं. तिथून सुकी मासळी जीपमध्ये भरून त्या रत्नागिरीला आणून विकायच्या. पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून जीप हाकणारी बाई त्या काळी आमच्याकडे दुसरी नव्हती.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर इथल्या क्रीडा मंडळानं जीपची शर्यत जाहीर केली. खाडीपासून वर सड्याच्या कातळमाळापर्यंतचा चढ, मागे जांभ्या चिऱ्यांचा बोजा, एका वेळी एकच गाडी. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पहिला. बापूंनी त्याच दिवशी नाव दिलं : गाडी सुकटीची, ड्रायव्हर शालन सुर्वे. काकूंना नंतर सांगितलं.

मग बापूंच्या अंगात संचारलं. शेडमध्ये नव्याजुन्या नोझलांचा डबा पालथा घालून ते एकेक तपासायच्या यंत्रावर चढवायला लागले. दांडा दाबला की नोझल 'चर्रर्र' करून फवारा सोडी. मी पुढे वाकलो तर ओरडले, "हात लांब ठेव. कातडीतून आत शिरतं ते." मग हळू आवाजात, "आता ऐक. हे आणि हे."

"सारखीच आहेत की."

"मास्तर, हे शिंकलं आणि हे नुसतं खाकरलं. चौघांनी एका सुरात शिंकायला हवं."

चार भावंडं जमेपर्यंत त्यांना जेवण सुचलं नाही. तपासून झालं की आतल्या स्प्रिंगवर पातळ वायसर घालायचं, दाब बघायचा, पुन्हा काढायचं. चौथं जमलं तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली. माझा शर्ट डिझेलनं माखला, तो नंतर शेडमध्ये हात पुसायचं फडकं झाला.

चाचणीला अर्धी आळी लोटली. काकूंनी जीप चढावर घातली आणि ती अशी उसळली की मागचे चिरे नाचले. पोरं शिट्ट्या मारायला लागली. काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, "जोर भारी आहे. पण वळणावर एकदम झेप घेते. चाक सुटतं."

"अगो, शर्यत आहे ती," बापू म्हणाले.

"अहो, पण गाडीत मी आहे."

बापू पाना घेऊन बॉनेटमध्ये शिरले आणि पंपाचा स्क्रू मागे फिरवून डिझेल कमी केलं. आळीनं हाय हाय केलं. बापूंनी वर बघितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी बापू खाडीशी रस्त्याकडे पाठ करून बसले. कान फक्त चढाकडे. सगळ्यांत शेवटी काकूंची जीप सुटली. "एक वळण झालं," बापू सांगत होते. "दुसरं. बघा, कशी एकसारखी ओढतेय. आता तिसरं..." आणि आवाज बंद झाला.

बापू उठले. "एवढ्यात पोचायची नाही ती," म्हणाले आणि पळत सुटले. पायातल्या वहाणा तिथेच राहिल्या. साठीला आलेला तो माणूस तापलेल्या चढावरून अनवाणी पळत होता आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे धापा टाकत होतो.

वर सड्यावर जीप उभी होती. काकू बॉनेटला टेकून पाणी पीत होत्या. बापूंच्या हिशेबापेक्षा त्या लवकर पोचल्या होत्या, एवढंच.

"दुसरा नंबर आला," काकू म्हणाल्या.

"लागलं नाही ना कुठे?"

"अहो, नंबर आला म्हणतेय मी."

"तो येऊ दे. लागलं नाही ना?"

उतरताना मी मागे चिऱ्यांवर बसलो. बापू पुढे, तळपायाचे फोड चाचपत होते. मी काकूंना विचारलं, "यांना हे नोझलांचं वेड लहानपणापासूनच काय?"

"छे रे. यांचं सायकलचं दुकान होतं," काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "लग्नानंतर मी पहिल्यांदा एकटी हर्णेहून मासळी घेऊन निघाले, तेव्हा घाटात नोझल बिघडून जीप बंद पडली. संध्याकाळी यायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बघते तर हे ओट्यावर तसेच बसलेले. काही दिवसांत दुकान विकलं आणि मुंबईला एका गॅरेजात नोझलांचं काम शिकायला गेले. मला म्हणाले, त्यात धंदा बरा आहे."

बापू बाहेर काजूच्या झाडांकडे बघत होते.

"बराच आहे धंदा," ते म्हणाले.