चोरांच्या गावातली हिरवी खुर्ची

"एक तास दे मला. गाव कसं आहे ते मी नुसतं वासावरून सांगते," असं टेसाने नवऱ्याला ठणकावून सांगितलं, तेव्हा ती बर्फात आयुष्यात दुसऱ्यांदा पाय ठेवत होती. पहिल्यांदा ठेवला होता तो सकाळीच, आणि ठेवल्या ठेवल्या तिथेच फतकल मारून बसली होती.

गावाचं नाव हार्लन्स फेरी. पेनसिल्व्हेनियातलं, नदीकाठचं. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून या गावाबद्दल दोन मतं होती आणि लोक दोन्ही शपथेवर सांगत. टेसाचा नवरा ड्वेन शेजारच्या शहरात इस्पितळात नर्स म्हणून नुकताच लागला होता. तिथली हेड नर्स त्याला म्हणाली, "त्या गावात गाडी लावलीस तर परत आल्यावर चाकं मोजून घे." त्यावर एक्स-रेवाला म्हणाला, "काहीतरीच काय! माझी आजी तिथं जन्मभर दार सताड उघडं टाकून झोपली."

"म्हणजे नेण्यासारखं काही उरलंच नसणार," हेड नर्स म्हणाली.

आता कुणाचं खरं मानायचं, ते आज संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं. त्यांचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं होतं. महिनाअखेर ते सोडायचं होतं. त्यांची सात महिन्यांची लेक ओपल नुकतीच रांगायला लागली होती आणि तिला रांगायला जमीन हवी होती. भिंती सरळ असलेलं आणि यांच्या आवाक्यातलं घर सगळ्या मुलखात हे एकच. त्यावरही आणखी एक जोडपं टपून बसलेलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. गाडी लावायला तीळभर जागा नाही. पण घराच्या अगदी समोर, नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी गुळगुळीत, मोकळी जागा होती, आणि तिच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक हिरवी लाकडी खुर्ची.

"वा, खुर्ची," टेसा म्हणाली.

हे दोघं आले होते ॲरिझोनाहून. तिथे बर्फ फक्त सरबतात असतो. आणि तिथे नको झालेलं सामान रस्त्याच्या कडेला मांडून ठेवतात, ज्याला हवं त्याने न्यावं. यांचा सोफा असाच आला होता, दिवा असाच, ओपलचा पाळणासुद्धा. कडेला ठेवलेली चांगली वस्तू पाहून तसंच पुढे जाणं टेसाला भरल्या ताटावरून उठण्यासारखं वाटे.

"ओपलला पाजायला बसायला बरी आहे," ती म्हणाली.

"अगं, आधी घर तर घेऊ दे."

"घर नाही मिळालं तर खुर्ची तरी पदरात पडेल."

खुर्ची डिकीत गेली, गाडी मोकळ्या जागेत गेली. "बघ, जागासुद्धा आयती मिळाली," टेसा म्हणाली. "गाव मला आवडायला लागलंय."

घर दाखवायला मिसेस प्रूइट नावाच्या एजंटबाई आल्या होत्या. घर छान होतं. ओपल जमिनीतल्या उबेच्या जाळीपाशी रांगत गेली, जाळीतून येणारा गरम वारा तोंडावर घेतला आणि खदखदून हसली. हेच घर, असं टेसा म्हणणार, एवढ्यात मिसेस प्रूइटचा फोन किणकिणला. मग पुन्हा. मग तो थांबेचना. बाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"गावाच्या ग्रुपवर आलंय. चोरी झाली. याच रस्त्यावर, भर दुपारी."

टेसाने ड्वेनकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत साक्षात हेड नर्स येऊन बसली होती. "काय चोरलं?"

"खुर्ची."

"शी! खुर्चीसुद्धा सोडत नाहीत?" टेसा म्हणाली. "काय एकेक लोक असतात."

"साधीसुधी नव्हे हो. शेजारच्या आयरीन हूडॉकची. बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली की त्यात खुर्ची ठेवायची. मग ती जागा त्या माणसाची. कारखाना गेला, पूर येऊन गेला, पण या गावात कुणी कुणाची खुर्ची हलवली नाही."

"रंग कोणता होता?" ड्वेनने विचारलं, उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात.

"हिरवा."

खोलीत फक्त ओपल आनंदात होती.

"मागच्या दाराने जाऊ," टेसा कुजबुजली.

"गाडी पुढे आहे."

"गाडी सोडून देऊ."

पण ओपलचं दूध गाडीत होतं, तिची टोपी गाडीत होती. टेसाने पोर कडेवर घेतली आणि पुढचंच दार उघडलं.

गाडीभोवती सात-आठ माणसं फावडी घेऊन उभी होती. गाडीचं तोंड काचेपर्यंत बर्फात पुरलेलं. मागची बाजू मात्र घासलेल्या भांड्यासारखी लख्ख. मधोमध, पुरुषी बूट घातलेली एक म्हातारी.

टेसाने ओपलला ड्वेनकडे दिलं, डिकी उघडली, खुर्ची ओढून काढली आणि म्हातारीसमोर ठेवली. "मिसेस हूडॉक, मी घेतली. मला वाटलं, कुणीतरी टाकून दिलीय. आमच्याकडे बर्फ पडत नाही." तिने डिकी लावून टाकली. "आणि लोक म्हणतात, इथं चोर राहतात, म्हणून मीच तुमच्या गावाची परीक्षा घ्यायला आले होते."

"मग बरं झालं," आयरीन म्हणाली. "एक तरी सापडला."

फावडेवाले हसले. एकजण तर फावड्यावर रेलूनच हसला.

"पुरायलाच घेतली होती तुमची गाडी," आयरीनने सांगितलं. "इथला रिवाजच आहे तो. पुढून सुरुवात केली. मग हा स्टॅनली मागे गेला, तर काचेतून बाळाची सीट दिसली. म्हणाला, लेकुरवाळी माणसं आहेत, उकरा. मागून उकरलीय. पुढचं राहिलंय, तुम्ही जरा लवकर बाहेर आलात." तिने ओपलचे गाल चाचपले. "पोर गारठलीय. आत चला. कोबीच्या पानात खिमा भरून ठेवलाय, गरम आहे. आणि ती खुर्ची आण बरोबर. आत एक कमी आहे, माहीत आहे ना तुला?"

अशा रीतीने टेसा आयरीनच्या स्वयंपाकघरात त्याच हिरव्या खुर्चीवर ओपलला पाजायला बसली. खुर्ची खरंच बरी होती. खिडकीतून दिसत होतं, ज्यांनी गाडी पुरली होती तेच आता ती वाकून उकरत होते, आणि स्टॅनली आपल्या बाहीने काच पुसत होता. टेसाला मान वळवावी लागली, कारण तोंडात घास होता आणि डोळे भरले होते.

ड्वेन कानाशी वाकला. "काय म्हणतो मग वास?"

"कोबीचा येतोय," टेसा म्हणाली. "हो म्हणून सांग मिसेस प्रूइटना."

पुढच्या हिवाळ्यात पहिला मोठा बर्फ पडला, तेव्हा ओपल आजारी होती आणि घरात कुणाचाच डोळा लागला नव्हता. सकाळी टेसाने पडदा सारला तर त्यांच्या गाडीपुरती जागा कुणीतरी लख्ख उपसून ठेवलेली, मधोमध हिरवी खुर्ची, आणि खुर्चीवर फडक्यात बांधलेलं गरम पातेलं. शेजारी आयरीन फावड्याला टेकून धापा टाकत होती. टेसा चपलांनिशीच धावली, घसरली, उठली आणि म्हातारीच्या गळ्यात पडली.

मग तिला दिसलं, खुर्चीच्या पायाला साखळी होती. साखळी खांबाला बांधलेली, वर कुलूप.

"साखळी कशाला, मिसेस हूडॉक?"

"खुर्ची तुझ्यासाठी," आयरीन म्हणाली. "साखळीपण तुझ्यासाठीच."