डोळा मारणारी लाल गाडी

"मारला! अहो, पुन्हा डोळा मारला!" अंगणात गाडीसमोर उभ्या असलेल्या पुष्पाबाई ओरडल्या.

शालिकरामांनी ब्रेकवरचा पाय काढला. बॉनेटमधून वर आलेला डावा दिवा हळूच खाली जाऊन खोबणीत बसला. पाय ठेवला, दिवा वर. पाय काढला, दिवा खाली. उजवा दिवा मात्र जागचा हलत नव्हता.

गाडी लाल, दोन दारांची, परदेशी बनावटीची आणि म्हातारी. बसायची जागाही दोघांपुरतीच. नागपूरच्या एका डॉक्टरांचे गुडघे तिच्यात वाकेनासे झाले, तेव्हा ती शालिकरामांकडे आली. तिगावच्या संत्रावाल्याकडे स्पोर्ट्स कार! पांढुर्ण्याच्या बाजारात ती उभी राहिली की लोक संत्र्यांचा भाव नंतर विचारत, आधी गाडीसोबत फोटो काढत. त्या वेळी शालिकराम मुद्दाम दुसरीकडे पाहत उभे राहत, पण फोटोत येतील असेच.

"अहो, डिंपलचं लग्न तोंडावर आलं," पुष्पाबाई म्हणाल्या. "चांगल्या मेस्त्रीले दाखवा ना एकदा."

"मेस्त्री कायले? गावातल्या बोअरच्या मोटारी कोण दुरुस्त करते?"

"तुमीच करता. पन मोटारी बायामानसाले डोळा नाई मारत."

डिंपल ही शालिकरामांची सख्खी भाची. लग्न तिकडे रामाकोन्याला, नवरदेवाच्या गावी होतं. मामाच्या लाल गाडीतूनच मांडवात जाईन, असा तिनं हट्ट धरला होता आणि मामानं शब्द दिला होता. शालिकरामांनी बाह्या सारल्या.

आधी त्यांनी फ्यूज बदलले. डोळा मारणं थांबलं, पण डावा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजू लागला. मग इंडिकेटरचा स्विच उघडून साफ केला. हॉर्न थांबला आणि वायपर सुरू झाले. वायपरची तार हलवली, तर कित्येक वर्षं मुका असलेला रेडिओ एकदम बातम्या सांगू लागला.

"पाहा! रेडिओ लागला!" शालिकरामांची छाती फुगली.

"हाव, पन वायपर कोन बंद करन?"

"फॉल्ट सरकून राहिला, पुष्पा. सरकून राहिला म्हंजे सापडून राहिला."

लग्नाच्या सकाळी गाडी अगदी शहाण्यासारखी वागली. डिंपल शालू सावरत, मुंडावळ्या सांभाळत मामाशेजारी बसली. बाकीचं वऱ्हाड जीपमधून मागे निघालं. पांढुर्णा मागे पडलं. एका खड्ड्यातून गाडी दणकन गेली आणि हॉर्न जो सुरू झाला, तो थांबेचना. त्याच्या जोडीला डावा दिवा वरखाली होऊ लागला.

शालिकरामांनी गाडी बाजूला घेऊन हॉर्नचा फ्यूज उपटला. हॉर्न बंद झाला. इंजिनही बंद झालं. फ्यूज पुन्हा बसवला, तर इंजिन सुरू झालं, हॉर्नही सुरू झाला. पूर्वी कोणा मेस्त्रीनं हॉर्न आणि पेट्रोलचा पंप एकाच तारेवर जोडून ठेवले होते.

"मामाजी, आता?" डिंपलचा चेहरा उतरला. "मुहूर्त चुकन ना!"

"कायचा चुकते! वाजत गेलो तर पोचू, चूप बसलो तर इथंच राहू."

"मंग वाजत चाला!"

आणि ती वाजत निघाली. आवाजाच्या धाकानं गुरं बाजूला झाली, ट्रॅक्टर बाजूला झाले. कपाशीत निंदायला बसलेल्या बाया उठून पाहू लागल्या. सौसरच्या चौकात हवालदारानं एवढा हॉर्न ऐकला आणि कोणी मोठा माणूस आला समजून दोन्ही बाजूंचे ट्रक अडवले. त्यानं कडक सलाम ठोकला. नेमका तेव्हाच गाडीनं त्याला डोळा मारला. हवालदारानं गोंधळून टोपी सावरली आणि पुन्हा सलाम ठोकला. डिंपलनं खिडकीतून हात जोडले. मग तिला जे हसू फुटलं, ते मुंडावळ्या सुटल्या तरी आवरेना. सकाळपासून माहेर सुटणार म्हणून रडवेली झालेली पोरगी खो-खो हसताना पाहून शालिकरामांनी हॉर्नची काळजीच सोडली.

रामाकोन्यात आवाज लांबूनच पोचला. नवरदेवाचे वडील धावत मांडवाच्या दाराशी आले, मागोमाग सारे पाहुणे आले. बँडवाल्यांनी हॉर्नच्या सुरात सूर मिळवला. शालिकरामांनी चावी फिरवली आणि एकदम शांत झालं.

"वाजत-गाजत आनली भाची!" नवरदेवाचे वडील भारावून म्हणाले. "असा थाट नाई पाह्यला बावा."

"आमच्याकडे अशीच पद्धत हाय," शालिकराम म्हणाले आणि भाचीचा हात धरून, मान ताठ ठेवून मांडवात गेले.

लग्न आटोपल्यावर मात्र त्यांनी गाडीचा पिच्छा पुरवला. एकेक तार धरून शोधत गेले, तेव्हा डाव्या दिव्यामागे अर्थिंगची काळी तार सापडली. तिचा बोल्ट गंजून पत्र्यापासून सुटल्यासारखा झाला होता. अर्थिंग मिळत नाही म्हणून करंट वाट फुटेल तिकडे पळत होता. शालिकरामांनी गंज खरवडला, बोल्ट कसला, पंपाची तार वेगळी केली. ब्रेक दाबला. काही नाही. इंडिकेटर लावला. फक्त इंडिकेटरच लागला.

पुष्पाबाईंनी स्वतः सगळी बटणं दाबून पाहिली आणि लगेच नणंदेला फोन लावला. "अनुराधाबाई, यायनं एकट्यानं केली गाडी दुरुस्त! कोनाचा हात नाई लागला." तेच वाक्य पुन्हा कानावर पडावं म्हणून शालिकराम पाणी मागायच्या निमित्तानं फोनजवळ येऊन उभे राहिले.

दुसऱ्याच दिवशी सावरगावचे सुधाकरराव आले. रेल्वेत नोकरी, मुलीचं लग्न ठरलेलं.

"दादा, आमच्या प्रज्ञाले तुमचीच गाडी पाह्यजे. सौसरपर्यंत साऱ्या रस्त्यानं नाव होऊन राहिलं तिचं."

शालिकरामांनी अभिमानानं सगळं चालवून दाखवलं. सुधाकरराव वाट पाहत राहिले.

"अन् ते वाजनं? डोळा मारनं?"

"ते दुरुस्त केलं ना मी!"

"आता कसं करावं?" सुधाकरराव खट्टू झाले. "दुरुस्त गाड्या तं साऱ्यायपाशीच असते, दादा. पोरीनं तिच्या मैत्रिनीयले सांगून ठेवलं, डोळा मारत येईन म्हनून."

शालिकराम गाडीकडे वळले. मग पाना घेऊन बॉनेटमध्ये वाकले आणि तो कसलेला बोल्ट जरासा सैल केला. आत बसून ब्रेक दाबला. डावा दिवा डौलात वर आला.

"मारला, मारला!" सुधाकररावांनी टाळी वाजवली.

पुष्पाबाई दारातून पाहत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, एवढ्या मेहनतीनं दुरुस्त केली, अन् पुन्हा बिघडवली?"

शालिकराम गाडीतून उतरले आणि फडक्याला हात पुसले.

"तवा ते आपल्या मनानं बिघडे," ते म्हणाले. "आता मी म्हनन तवाच बिघडन."