सात संत्र्यांचं गाणं

तेत्सुरोंनी गाणं थांबवून मान वर केली, तेव्हा मेजावर सात संत्री ओळीनं मांडलेली होती. मांडणाऱ्या यासुएताई, त्यांची थोरली बहीण. गाण्यातल्या दर अपशकुनी शब्दाला एक संत्रं, असा त्यांचा हिशोब.

“एका कडव्यात सात,” ताई म्हणाल्या. “टोपली संपली म्हणून थांबले.”

“‘संपली’ म्हणालीस, ताई.”

“पोरीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे. आज चालतं.”

ताईंपुढे कुणाचं काही चालत नसे. लग्नाच्या हॉलमध्ये काय बोलावं आणि काय बोलू नये, हे अख्ख्या मात्सुमोतो शहरात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते खोटंही नव्हतं. लग्नात केक कापत नाहीत, त्यात सुरी घालतात. समारंभ संपत नाही, उघडतो. कापणं, तुटणं, जाणं, परतणं हे शब्द तर दाराबाहेर चपलांपाशी ठेवून यायचे. एका चुलतभावाच्या लग्नात कुणीसं ‘पुन्हा पुन्हा अभिनंदन’ म्हणालं होतं. अकरा वर्षांनी ते जोडपं वेगळं झालं, आणि ताई अजून त्या पाहुण्याच्या नावानं बोटं मोडतात.

आणि तेत्सुरोंच्या गाण्यात काय होतं? शेवटची बस निघून गेली, तू केस कापलेस, आपलं सगळं संपलं, परत ये, पुन्हा पुन्हा परत ये.

“अहो, दोन ओळींचं भाषणच करा की त्यापेक्षा,” बायको सुमिए म्हणाली.

हे म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यापैकी होतं. तेत्सुरो पाणीखात्यात मीटर तपासायचे. आकडे लिहून घ्यायचे, मान तुकवायची, पुढचं घर. घरीही चहा, मीठ, दिवा एवढ्या तीन शब्दांत त्यांचा दिवस सरायचा. लेकीला, चिनात्सुला, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं फोनवर एवढंच मागितलं होतं, “बाबा, भाषण नको. ते गाडीतलं गाणं म्हणाल?”

ती बारावीला असताना तेत्सुरो रोज संध्याकाळी तिला क्लासवरून आणायचे. गाडीत दोघंही अवाक्षर बोलत नसत. तिच्या फोनवर हेच गाणं वाजायचं. वर्षभर हेच. घर जवळ आलं आणि गाणं थोडं उरलं असलं, तर तेत्सुरो मुकाट्यानं नदीकाठच्या रस्त्यानं एक वळसा जास्त घ्यायचे. पोर शिकायला लांब गेली आणि गाडी फार शांत झाली. त्यांना ते सोसवेना. तेव्हा त्यांनी गिटार घेतली.

दुसरं गाणं शोधायचं तर ‘गिटारवर म्हणायची शंभर गाणी’ असं जाडजूड पुस्तक घरात होतं. तेत्सुरोंनी दोन संध्याकाळी खर्चून ते पालथं घातलं. आजकालची हळवी गाणी सगळी एकाच माळेचे मणी. नव्वदांत ताटातूट, नवांत शाळेचा निरोप. उरलं एक. ते खरोखरच सुखाचं होतं, पण त्यात ओळीओळीला एफ नावाचा कॉर्ड. त्यात एकट्या तर्जनीनं सहाही तारा दाबून धरायच्या असतात. इतकी वर्षं घासूनही तेत्सुरोंच्या बोटाखाली त्याचा नुसता ठक्क असा आवाज यायचा.

म्हणून मग जुन्याच गाण्याची डागडुजी ठरली. ताई सांगायच्या आणि तेत्सुरो पेन्सिलीनं लिहून घ्यायचे. शेवटच्या बसची पहिली बस झाली. ‘निघून गेली’ होतं, तिथं ‘येऊन बसलीस’ आलं. केस कापलेसचं केस विंचरलेस. ‘परत ये’च्या जागी ‘नीट बस’. धृपद दोनदा म्हणायलाही ताईंनी मनाई केली, कारण लग्नात काहीच दोनदा नको, नाहीतर लग्नही दोनदा व्हायचं. तीन आठवड्यांनी जे उरलं, ते प्रेमगीत होतं की बस कंपनीची सूचना, हे सांगणं अवघड होतं.

लग्न दुपारचं होतं. तेत्सुरो भाड्याच्या काळ्या कोटात गिटार घेऊन उभे राहिले, कागद समोर लावला आणि सुरू झाले. ‘पहिली बस आली, तू येऊन बसलीस.’ लेकीच्या मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. गाणं त्यांना पाठ होतं, पण ते असं नव्हतं. ताई मात्र समाधानानं मान हलवत होत्या.

धृपद आलं आणि तेत्सुरोंनी कागदावरून डोळे उचलले. तीच चूक झाली. पांढऱ्या पोशाखात चिनात्सु बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते. जुन्या शब्दांवर. गाडीत बसल्यासारखे. कागदावरचं ‘नीट बस’ कुठल्या कुठे गेलं आणि तेत्सुरोंच्या तोंडातून जोरात, अगदी सुरात निघालं, “परत ये.”

आणि त्याच क्षणी टण्ण करून सर्वांत बारीक तार तुटली.

शब्द आणि करणी, दोन्ही एका दमात. काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते बोलायला शब्दच नव्हता, कारण तो शब्द चालत नव्हता. निवेदिकेनं माइक छातीशी धरला. नवऱ्याच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजींनी चमचा खाली ठेवला. तेत्सुरोंना वाटलं, लेकीनं मागितलेल्या एकुलत्या एका गोष्टीचं आपण तिच्या डोळ्यांदेखत वाटोळं केलं.

तेवढ्यात यासुएताई उठल्या.

“तार वाढली,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मघाशी सहा होत्या. आता मोजा. पाच, आणि हे दोन तुकडे. सात झाल्या. घरात माणूस वाढलं, तशी तार वाढली.”

आजींनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी हात जोडून म्हटलं, “अभिनंदन.” झालं. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. तेत्सुरोंनी उरलेलं गाणं राहिलेल्या तारांवर म्हटलं, जुन्या शब्दांत आणि धृपद दोनदा घेऊन. लग्नात थोडा रडका सूर बरा दिसतो, असं मग पुष्कळांचं मत पडलं.

पाहुणे निघताना नवरा-नवरी दाराशी उभे राहून एकेकाला भेटवस्तू देत होते. बापाच्या हातात पुडी ठेवताना चिनात्सु हळूच म्हणाली, “बाबा, ‘परत ये’ म्हणालात.”

“निघालं तोंडातून.”

“मग येऊ ना?”

तेत्सुरोंनी पुडीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

“रविवारी. जेवायला. मी न्यायला येतो, नदीकाठच्या रस्त्यानं.”

सुमिएच्या मते आयुष्यातलं त्यांचं हेच सर्वांत मोठं भाषण.

मागे उभ्या ताईंनी ‘परत’ स्वच्छ ऐकलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक संत्रं काढलं. सोललं, नेहमीप्रमाणे दोन भाग करायला अंगठा घातला, आणि थबकल्या. मग ते तसंच अख्खं भावाच्या हातावर ठेवलं.

“खा,” त्या म्हणाल्या. “मोजलं नाही मी.”